किल्ली ज्याची त्याला

एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेतली ही हकीकत आहे. गावाचे आणि संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी गावे पुष्कळ आहेत आणि अशा संस्थाही पुष्कळ आहेत. या संस्थेने काही वर्षांपूर्वी जुन्या खतावण्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या आणि सगळा कारभार संगणकावर आणला. संगणकावर काम सुरू करताना आपले नाव आणि परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, द्यावा लागतो. संस्थेत माणसे सहा. पण संगणकाला सांगण्यासाठी नाव एकच घेतले होते, 'अ‍ॅडमिन'. पासवर्डही एकच, संस्थेचे नाव आणि पुढे स्थापनेचे साल. तो कोणी विसरू नये म्हणून एका चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलेला होता. चिटणीस मोठ्या कौतुकाने सांगत, "आमच्याकडे आडपडदा नाही हो. सगळी घरचीच माणसं!"

एके दिवशी एक वृद्ध बाई मुदत ठेवीची पावती घेऊन आल्या. मुदत भरली होती, नातीचे लग्न ठरले होते. काउंटरवरची मुलगी संगणकात पाहते तो ठेव तीन महिन्यांपूर्वीच मोडलेली! रक्कम एका भलत्याच, नुसत्या कागदोपत्री उघडलेल्या खात्यात वळती झालेली आणि तिथून रोखीने उचललेली. धावपळ झाली. संगणकाला विचारले, हे कोणी केले? संगणकाने उत्तर दिले, 'अ‍ॅडमिन'. आणि अ‍ॅडमिन म्हणजे कोण? सहांपैकी कोणीही.

बाईंचे पैसे संचालकांनी आपसांत वर्गणी करून भरून दिले. पैसे भरून देता येतात. संशय कसा भरून देणार? संगणकावर जास्त वेळ बसे ती काउंटरवरची मुलगी. तिला तोंडावर कोणी काही बोलले नाही. पण ती आली की चहाच्या वेळच्या गप्पा थांबू लागल्या. चार महिन्यांनी तिने नोकरी सोडली. ती निर्दोष होती असे मला वाटते. पण संस्थेला ते आजही सिद्ध करता येत नाही, आणि ती दोषी होती हेही सिद्ध करता येत नाही. पुढे एकदा ती मला भेटली तेव्हा म्हणाली, "काका, मला माझी वेगळी किल्ली दिली असती ना, तर मी सुटले असते."

आजच्या भाषणाचा विषय या एका वाक्यात आहे. संस्थेच्या संगणकाची व्यवस्था ज्याच्या हाती असते, त्याला आपण अ‍ॅडमिन म्हणतो. पतसंस्था असो, शाळा असो, दवाखाना असो की गृहनिर्माण संस्था असो, कोणाला आत घ्यावयाचे, कोठपर्यंत जाऊ द्यावयाचे आणि कोणाचा प्रवेश बंद करावयाचा, हे तोच ठरवतो. पुष्कळांना वाटते, ही सारी कुलुपे म्हणजे माणसांवरचा अविश्वास. वस्तुस्थिती उलटी आहे. नीट लावलेले कुलूप चोराला अडवतेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते प्रामाणिक माणसाला सांभाळते.

आता हे काम समजून घेण्यासाठी आपल्या जुन्या वाड्याकडे पाहू. दारावर थाप पडली की आतून पहिला प्रश्न येतो, "कोण आहे?" ही झाली ओळख पटवणे. ओळख पटली तरी सगळ्यांना सगळा वाडा मोकळा नसतो. कामासाठी आलेला माणूस ओसरीवर बसतो, पाहुणा माजघरापर्यंत येतो, आणि तिजोरीच्या खोलीत घरधन्यावाचून कोणी जात नाही. हा झाला अधिकार. आणि रात्री दिवाणजी वहीत लिहितो की आज कोण आले, काय घेऊन गेले. ही झाली नोंद. ओळख, अधिकार आणि नोंद अशी ही तीन अंगे आहेत. आमच्या पतसंस्थेत ओळख एकच, अधिकार सगळ्यांना सगळे, आणि नोंद असून नसल्यासारखी. तीनही दारे उघडीच होती.

प्रथम ओळखीचे पाहू. संगणकाला पासवर्ड विचारावा लागतो हे आज आपल्याला जन्मापासूनचे वाटते. पण सुरुवातीच्या संगणकांवर एका वेळी एकाचेच काम चाले. तिथे कोण आहे हे विचारण्याचे कारणच नव्हते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी पद्धत तयार केली आणि १९६१ च्या नोव्हेंबरात ती चालवून दाखवली. आता एकाचे कागद दुसऱ्याने पाहू नयेत म्हणून प्रत्येकाला पासवर्ड देण्याची पाळी आली.

आणि गंमत पाहा, पासवर्ड आला आणि पाठोपाठ त्याची चोरीही आली. तिथल्या अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला चार तासांची वेळ मिळे. ती पुरेना. तेव्हा त्याने १९६२ साली संगणकालाच हुकूम देऊन सगळ्यांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली! ही कबुली त्याने पुष्कळ वर्षांनी दिली. पुढे १९६६ साली तर कोणी चोरी न करताच घोटाळा झाला. व्यवस्था पाहणारे दोघेजण एकाच वेळी काम करीत होते. एक जण रोजची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डांच्या यादीत दुरुस्ती करीत होता. दोघांच्या कच्च्या प्रतींना संगणकाने एकच नाव दिले आणि दोन कागदांची अदलाबदल झाली. मग जो जो काम करायला येई त्याच्यासमोर सूचनेऐवजी साऱ्यांचे पासवर्ड उमटू लागले.

या दोन प्रसंगांतून एक शहाणपण निघाले. पासवर्डांची यादी जशीच्या तशी ठेवावयाचीच नाही. तुम्ही म्हणाल, यादी नाही तर संगणक ताडून कसे पाहणार? त्याची युक्ती जात्यासारखी आहे. गहू दळले की पीठ होते. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. संगणक पासवर्ड गणिताच्या जात्यात दळतो आणि पीठ तेवढे जपून ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड दिला की तो पुन्हा दळतो आणि हे पीठ त्या पिठाशी जुळते की नाही ते पाहतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली या पद्धतीची हकीकत लिहिली, तेव्हा त्यात आणखी एक सुधारणा सांगितली. दोघांचा पासवर्ड एकच असला तर पीठही एकच येईल आणि चोराला सुगावा लागेल. म्हणून प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूट टाकावयाची. या चिमटीला त्या शास्त्रात खरोखरच 'मीठ' म्हणतात. तेव्हा संस्थेसाठी एखादे सॉफ्टवेअर विकत घेताना एक परीक्षा करा. विक्रेत्याला विचारा, "माझा पासवर्ड मी विसरलो तर तुम्ही मला तो वाचून दाखवाल का?" तो "हो, लगेच सांगू" म्हणाला, तर त्याच्याकडे पीठ नाही, गहूच आहेत. असा माल घेऊ नये.

पासवर्ड कसा असावा, यावरही मते बदलली आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी पासवर्ड बदललाच पाहिजे, असा दंडक अनेक कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे होता. त्याचा परिणाम काय झाला? माणसे जुन्याच शब्दापुढे एक, दोन, तीन असे आकडे लावू लागली आणि चिठ्ठ्या लिहून ठेवू लागली. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ साली सांगितले की नुसती तारीख आली म्हणून पासवर्ड बदलायला लावू नका. तो फुटल्याची शंका आली की मात्र ताबडतोब बदला. शब्द लांब असावा आणि आधी कोठे फुटलेल्या शब्दांपैकी नसावा. तीन-चार असंबद्ध शब्द एकापुढे एक जोडले तर लक्षातही राहतात आणि ओळखायलाही अवघड जातात. आणि एका ठिकाणचा पासवर्ड दुसऱ्या ठिकाणी वापरू नये, हे तर ओघानेच आले.

पण कितीही चांगला झाला तरी पासवर्ड म्हणजे ऐकून घेता येईल असा शब्दच. म्हणून दुसरी खूण मागण्याची पद्धत पडली. एटीएमवर कार्डही लागते आणि गुप्त आकडाही लागतो. एक हातातली वस्तू आणि एक डोक्यातली गोष्ट. कार्ड हरवले तरी आकडा चोराकडे नसतो. इंटरनेटवरून कार्डाने पैसे देताना अशी जादा खूण मागितलीच पाहिजे, हा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून लागू केला. मोबाइलवर येणारा ओटीपी आपल्या ओळखीचा आहेच. काही आज्ञावल्या तर दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा मोबाइलवरच तयार करून दाखवतात. त्याला संदेश येण्याचीही वाट पाहावी लागत नाही. संस्थेत आणखी कोणासाठी नाही तरी अ‍ॅडमिनसाठी ही दुसरी खूण चालू केलीच पाहिजे. ज्याच्या हाती सगळ्या किल्ल्या, त्याच्या दाराला दोन कड्या हव्यात.

आता अधिकाराकडे वळू. इथे आपल्याला कोणाकडून उसने घ्यावयास नको. शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था सभासदाच्या बखरीत सांगितली आहे. गडाचा कारभार एकाच्याच हाती दिलेला नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे सरदार बरोबरीने नेमलेले असत, आणि त्यांनी एकमेकांच्या विचाराने कारभार करावयाचा असे. किल्ल्या हवालदाराच्या हाती, हजेरी-हिशेबाचे दप्तर सबनिसाकडे, आणि धान्य व सामान यांचा साठा सांभाळणारा कारखाननीस आणखी वेगळा. एकटा माणूस फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा त्यातला हेतू. आता सांगा, हवालदाराला सबनिसाच्या दप्तराला हात लावू दिला नाही म्हणून त्याचा अपमान झाला काय? नाही. उलट हिशेबात खोट निघाली तर हवालदार मोकळा!

हेच तत्त्व आपल्या बँकांतून आजही चालते. एक जण नोंद करतो, दुसरा ती तपासून पास करतो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. संगणकाच्या सेटिंगमध्ये हे बसवता येते; पण ते बसवावे लागते, आपोआप होत नाही. आमच्या पतसंस्थेत ठेव मोडणे आणि ते पास करणे ही दोन कामे दोन नावांना दिली असती, तर एकट्याचे काम चालले नसते.

माणसागणिक अधिकार ठरवत बसलो तर गोंधळ होतो. म्हणून अमेरिकेत डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ साली एक रीत नेमकी मांडून दाखवली. अधिकार माणसाला द्यावयाचे नाहीत, पदाला द्यावयाचे. रोखपाल या पदाला काय करता येईल, कर्ज विभागाला काय पाहता येईल, हे एकदा ठरवावे आणि मग माणसाला त्या पदावर बसवावे. बदली झाली की जुने पद काढून नवे द्यावे. आपल्याकडे होते काय? रोखपाल कर्ज विभागात गेला तर नवा अधिकार मिळतो, पण जुना काढायचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. दहा वर्षांत तीन खाती फिरलेल्या माणसाच्या कमरेला साऱ्या वाड्याच्या किल्ल्या लटकू लागतात! नियम सोपा आहे. कामाला लागेल तेवढेच द्यावे. कमी पडले तर तो मागायला येईलच. जास्त दिलेले परत करायला सहसा कोणी येत नाही.

आणि नोकरी सोडून गेलेल्यांचे काय? अमेरिकेतील कलोनिअल पाइपलाइन ही इंधन वाहून नेणारी सुमारे ८,८५० किलोमीटर लांबीची नळवाहिनी ७ मे २०२१ रोजी बंद ठेवावी लागली. पुन्हा सुरू व्हायला १२ मे उजाडला. मध्यंतरी पूर्व किनाऱ्याकडच्या कित्येक पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कंपनीने खंडणी म्हणून सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. चोर शिरले कोठून? बाहेरून कामासाठी जोडून घेण्याचे एक जुने खाते होते. त्याचा वापर संपला होता, पण ते बंद केलेले नव्हते, आणि त्याला दुसरी खूणही नव्हती. नुसत्या पासवर्डावर दार उघडले. म्हणजे एवढ्या मोठ्या उद्योगाला मागच्या अंगणातले विसरलेले दार भोवले.

म्हणून माणूस ज्या दिवशी संस्था सोडतो त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद झाला पाहिजे. निरोपाचा नारळ द्या, शाल द्या, आणि प्रवेश बंद करा. इथे एक बारकावा आहे. खाते बंद करावे, पुसून टाकू नये. पुसले तर त्याने केलेल्या जुन्या नोंदी कोणाच्या, हे पुढे समजेनासे होते.

तीच गोष्ट कारखान्यातून आलेल्या पासवर्डाची. नवे यंत्र, नवा कॅमेरा, नवे सॉफ्टवेअर यांच्याबरोबर पुष्कळदा एक ठरीव नाव आणि ठरीव पासवर्ड येतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक आज्ञावलीने असे साठेक ठरीव पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले आणि जगभरची लाखो उपकरणे काबीज केली. त्यांत घरोघरचे कॅमेरे होते. नवीन कुलपाची किल्ली दुकानदाराकडेही असेल तर ते कुलूप आपले नव्हे. माल आला की पहिल्या दिवशी हा पासवर्ड बदलावा.

राहिली नोंद. कोणी, केव्हा, काय बदलले, आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे संगणक आपणहून लिहून ठेवू शकतो. मात्र नोंदीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा प्रत्येकाचे नाव वेगळे असेल आणि नोंद कोणाला, अगदी अ‍ॅडमिनलासुद्धा, खोडता येणार नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांना आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून असाच नियम लागू झाला. प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. हा नियम कंपन्यांसाठी आहे. पण चांगली रीत उचलायला सहकारी संस्थेला आणि शाळेला कोणाची मनाई नाही.

आता शेवटी थोडे खुद्द अ‍ॅडमिनविषयी. ज्याच्या हाती सगळे आहे, त्यानेच स्वतःला आधी बांधून घेतले पाहिजे. त्याने दोन खाती ठेवावीत, एक रोजच्या कामाचे साधे, आणि दुसरे व्यवस्थेचे, फक्त व्यवस्था बदलताना वापरावयाचे. सगळा भार एकट्यावर ठेवू नये. तो आजारी पडला तर संस्था कुलपाबाहेर उभी राहील. म्हणून दुसरा जाणता माणूस तयार ठेवावा आणि अडीनडीचा पासवर्ड सह्या केलेल्या, लाखेने बंद केलेल्या पाकिटात तिजोरीत ठेवावा. पाकीट फोडले की त्याचीही नोंद करावी. "साहेबांचा फोन आहे, पासवर्ड बदलून द्या" अशा निरोपावर पासवर्ड बदलू नये. आपल्याकडे आधीच लिहिलेल्या नंबरावर उलट फोन करून खात्री करावी. आणि दर तीन महिन्यांनी कोणाला कोणते अधिकार आहेत त्याची यादी छापून संचालकांच्या सभेत मोठ्याने वाचावी. "हे गृहस्थ कोण? ते तर दोन वर्षांपूर्वीच गेले!" असे पहिल्याच वाचनात कोणीतरी म्हणेल.

आता कोणी विचारील, एवढा उपद्व्याप लहान संस्थेला झेपेल काय? श्रोतेहो, यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. सहा माणसांना सहा नावे द्यायला एक दुपार पुरते. काचेखालची चिठ्ठी काढायला तेवढाही वेळ लागत नाही.

त्या पतसंस्थेत आता तसे केले आहे. प्रत्येकाचे वेगळे नाव आहे, ठेव मोडायला दोघे लागतात, आणि यादी सभेत वाचली जाते. चिटणीस मला म्हणाले, "लोकांना आधी राग आला. आता एखादा आकडा चुकला तर जो तो स्वतःच म्हणतो, नोंद काढून बघा." मला हे ऐकून बरे वाटले. पण काउंटरवरची ती खुर्ची पाहिली की अजून वाटते, ही एक दुपार तीन वर्षे आधी काढली असती तर!

तुमच्या संस्थेत ती दुपार अजून काढली नसेल, तर या आठवड्यात काढा.